कंदिलाच्या इंधनावर अटलांटिक

आकाशकंदील घरी करायची ज्यांना सवय होती, त्यांना एक गंमत ठाऊक असेल. कामट्यांचा सांगाडा बांधून झाला, खळ लावून पतंगी कागद चिकटवला, की तो आधी सुरकुतलेला, हिरमुसलेला दिसतो. मग खळ वाळत जाते, कागद ताणला जातो आणि टिचकी मारली तर टणत्कार होतो. विमानांच्या प्रतिकृती उडवणारे लोक जगभर हेच करत आले. बांबूऐवजी बाल्साच्या पट्ट्या, त्यावर पातळ टिश्यू कागद, कागदावर पाण्याचा हलका फवारा आणि तो ताणून बसला की ‘डोप’ नावाच्या वार्निशाचा हात. आपला कंदील तारेला टांगला जातो, त्यांचा हातातून सोडला जातो.

असा एक सांगाडा 9 ऑगस्ट 2003 च्या संध्याकाळी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये, केप स्पिअरच्या कड्यावरून मेनार्ड हिल यांनी हातांनी भिरकावला. त्यांचं वय 77. दृष्टी इतकी गेलेली की कायद्याच्या व्याख्येत ते अंध ठरत, ऐकूही फार कमी येई. समोर अटलांटिक महासागर. विमानाचं वजन पाच किलोंच्या आत.

या माणसाबद्दल लिहायचं तर आधी पाच किलोंबद्दल लिहायला हवं, कारण हा सगळा छंदच वजनाच्या हिशोबावर उभा आहे.

पॅरिसच्या त्युइलरी बागेत 1871 साली आल्फोन्स पेनो नावाच्या विशीतल्या तरुणाने रबराला पीळ देऊन एक छोटं विमान उडवलं. वजन 16 ग्रॅम. ते 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर गेलं, आणि मुख्य म्हणजे स्वतःचा तोल स्वतः सांभाळत गेलं. माणूस बसेल असं विमान तेव्हा कुणाकडेच नव्हतं. पेनोचीच रबरावर भिरभिरणारी दुसरी करामत पुढे खेळणं म्हणून बाजारात आली. 1878 मध्ये अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशक बापाने प्रवासावरून परतताना असंच खेळणं मुलांसाठी आणलं. बूच, बांबू, कागद आणि रबर. थोरला 11 वर्षांचा, धाकटा 7 वर्षांचा. मोडेपर्यंत उडवलं, मग स्वतः तसंच करून पाहिलं. बापाचं नाव मिल्टन राइट. मुलांची नावं सांगायची गरज नाही. पेनोच्या वाट्याला मात्र हे भाग्य नव्हतं. मोठ्या विमानाच्या आराखड्याला पैसे मिळेनात, आणि 1880 मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने स्वतःला संपवलं.

म्हणजे खेळण्यातलं विमान खऱ्या विमानाची नक्कल म्हणून जन्मलं नाही. ते आधी आलं. मला हा छंद पोरकट वाटत नाही त्याचं निम्मं कारण हे.

1927 मध्ये लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसला उतरला आणि घराघरातल्या पोरांना विमानाचं वेड लागलं. इंग्लंडात लॉर्ड वेकफिल्ड यांच्या नावाचा चषक सुरू झाला. रबरावर उडणाऱ्या त्या वर्गाला आजही ‘वेकफिल्ड’ म्हणतात. आजचा नियम असा, की सांगाडा किमान 200 ग्रॅमचा आणि रबर जास्तीत जास्त 30 ग्रॅमचं. बाकी सगळं कसब तुमचं, आणि घारीप्रमाणे वर चढणारी गरम हवा ओळखण्याचं. बंद दालनात उडवायची विमानं तर याहून नाजूक: वजन दीड ग्रॅमच्या आसपास, चाल इतकी संथ की माणूस शेजारून रमतगमत चालत जाईल, आणि तरी ती अर्धा तास हवेत राहतात. तिथे कुणी जोरात दार लावलं तर भांडण होतं.

तिसाच्या दशकात छोटी पेट्रोल इंजिनं आली. 1937 मध्ये मिशिगनच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी रेडिओने चालणारं विमान उडवलं. त्याचं नाव ‘गफ’, ते आता स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. चाळिशीच्या दशकात तारांना बांधून, स्वतःभोवती गरगर फिरवायची ‘कंट्रोल लाइन’ विमानं लोकप्रिय झाली. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेलेल्यांनी हाच प्रकार हाताळलेला असतो. गोल फिरता फिरता विमानाआधी स्वतःलाच भोवळ येते. बाल्सा आपल्या मातीतला नाही, तो इक्वेडोरचा, आणि महाग. म्हणून इथे थर्माकोल आला, आणि पंख मोडला की फेव्हिक्विक.

गुड भावांपैकी वॉल्टर जिथे नोकरीला होते, त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीतच मेनार्ड हिल होते. जन्म 1926, पेनसिल्व्हेनियातला. शिक्षणाने आणि पेशाने धातुशास्त्रज्ञ. लहानपणी लागलेला विमानांचा नाद त्यांनी नोकरी, संसार, निवृत्ती या सगळ्यातून सोबत नेला आणि जवळपास 25 जागतिक विक्रम केले. 1970 मध्ये त्यांचं रेडिओ-नियंत्रित विमान 8 हजार मीटरच्या वर गेलं. खालून ते डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. 1992 मध्ये दुसरं एक सलग 33 तास 39 मिनिटं हवेत राहिलं.

त्यांची मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र विक्रमांच्या यादीत येत नाही. स्वच्छ हवेत जमिनीपासून वर जावं तसा विजेचा दाब दर मीटरला साधारण 100 व्होल्टने वाढतो. आपल्याला तो जाणवत नाही. हिल यांनी पंखांच्या दोन्ही टोकांना संवेदक बसवले. एक पंख कलला की दोन टोकांच्या दाबांत फरक पडतो. तो फरक शून्यावर येईपर्यंत सुकाणू हलवायचं, म्हणजे विमान सरळ. अवघ्या आभाळाचा ओळंबा म्हणून उपयोग करणारा माणूस! हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, जीपीएसचे उपग्रह वाट दाखवू लागण्याच्या कितीतरी आधीचं.

नोकरी संपल्यावर त्यांनी अटलांटिक मनावर घेतला. 1998 मध्ये ‘लायमा’ नावाचं वैमानिकरहित विमान तो ओलांडून गेलं होतं, पण ते सुमारे 13 किलोंचं होतं आणि व्यवसायासाठी बनलेलं. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ‘मॉडेल’ म्हणून विक्रम करायचा तर इंधनासकट 5 किलोंच्या आत बसायला हवं होतं, आणि इंजिन 10 घन सेंटिमीटरच्या आत. हिल यांनी दोन्ही अटी पाळल्या. बाल्साच्या त्या विमानाचा पंखविस्तार सुमारे 1.8 मीटर, म्हणजे उंच माणसाने हात पसरावेत एवढा. वजनातला जवळपास निम्मा वाटा इंधनाचा. विमानाला वाट काढण्यापुरतं उपग्रहाचं यंत्र आणि मागे कळवण्यापुरता संदेशक. यात भर घालायची तर दुसरीकडून काहीतरी वजा करायचं. महिनाअखेरीला घर चालवणारी बाई हे गणित लगेच ओळखेल.

इंधनाची निवड मला फार लोभस वाटते. सहलीला नेतात त्या कोलमन कंदिलात घालायचं, स्वच्छ गाळलेलं पांढरं पेट्रोल. आपल्या पेट्रोमॅक्ससारखं घासलेट नव्हे, पण जात कंदिलाचीच. चार लिटरहूनही कमी.

आणि डोळे? हिल यांची दृष्टी जात होती त्या काळात हे विमान उभं राहिलं. अशा वेळी छंद एकट्याचा राहत नाही. बोटांना लाकडाची ओळख असते, जाडी कळते, वजनाचा अंदाज येतो. पण पट्टीवरची रेघ वाचायला आणि उडत्या विमानाकडे बघत रेडिओची कांडी हलवायला दुसरं कुणीतरी लागतं. मित्रांचा मोठा चमू भोवती जमला. चाचण्या बट्स नावाच्या गृहस्थांच्या शेतावर झाल्या, म्हणून विमानाचं नाव ‘स्पिरिट ऑफ बट्स फार्म’. लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ला केलेला हा नमस्कार, मिस्किलपणे. खासगीत त्याला ‘टॅम-5’ म्हणत. पाच, कारण आधीची गेली होती. 2002 मधले प्रयत्न फसले होते. महिनोन्‌महिने राबून केलेलं विमान एकदा नजरेआड झालं की एक तुकडासुद्धा हाती येत नाही. आपल्याकडे कापलेला पतंग निदान शेजारच्या गल्लीत तरी सापडतो.

वाट त्यांनी मुद्दाम जुनी निवडली. जून 1919 मध्ये अल्कॉक आणि ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक पहिल्यांदा ओलांडला तो न्यूफाउंडलंडहून आयर्लंडमधल्या क्लिफ्डनजवळ. (त्यांनी सोबत शुभशकुनाची कापडी मांजरं नेली होती. उतरताना हिरवंगार कुरण समजून दलदलीत उतरले आणि विमानाचं नाक चिखलात रुतलं.) अंतर त्यातल्या त्यात कमी, आणि वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीशी.

विमान हातातून सुटलं. सहकाऱ्याने रेडिओवरून ते वर नेलं, मग स्वयंचलित यंत्राच्या ताब्यात दिलं. नियम तसाच होता: सुरुवातीला आणि शेवटाला माणूस, मधे यंत्र. एक रात्र गेली, दिवस गेला, दुसरी रात्र सुरू झाली. मधे काही तास संदेशच येईनात. आधीच्या विमानांची अशीच गत झाली होती, त्यामुळे हे गेलं असं वाटणं स्वाभाविक होतं. मग पुन्हा संदेश आला.

11 ऑगस्टच्या दुपारी क्लिफ्डनजवळच्या मॅनिन किनाऱ्यावर डेव्ह ब्राउन रेडिओ घेऊन थांबले होते. आडनाव ब्राउन हा निव्वळ योगायोग. आकाशात ठिपका दिसला, त्यांनी तो ताब्यात घेतला आणि ठरलेल्या जागेच्या अगदी जवळ उतरवला. 38 तास 52 मिनिटं, सरळ रेषेत सुमारे 3,028 किलोमीटर. ताशी सरासरी 78 किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मेल गाडीच्या वेगाने. टाकीत इंधन अगदी थोडं उरलं होतं.

मेनार्ड हिल 7 जून 2011 रोजी, वयाच्या 85व्या वर्षी गेले. त्या दिवशी मॅनिनला उतरणारं आपलं विमान त्यांनी पाहिलं नव्हतं. ते महासागराच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि तिथे असते तरी त्यांना कितपत दिसलं असतं कोण जाणे. त्यांना कळलं ते फोनवरून. विमान उतरलंय, असं पलीकडून ब्राउन सांगत होते. हिल यांनी शेजारी उभ्या असलेल्या बायकोला मिठी मारली आणि रडले.