विश्लेषण: बिबट्यासाठी कॅमेरा घेताय? मेगापिक्सेलआधी काय पाहावे?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत शेतातल्या वस्त्यांवरही आता सीसीटीव्ही दिसू लागले आहेत. त्यामागे चोरांपेक्षा बिबट्याची धास्ती अधिक आहे. दुकानात मात्र पहिला प्रश्न असतो तो ‘किती मेगापिक्सेल?’ हाच. नंतर एखाद्या रात्री गोठ्याजवळून काहीतरी जाते आणि मोबाइलवर दिसतात फक्त दोन चमकणारे ठिपके. ते मांजर होते, कुत्रे होते की बिबट्या, हे कळत नाही. असे होऊ नये यासाठी खरेदीआधी काय तपासावे, याविषयी...

या भागात कॅमेऱ्याची गरज का भासते?

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे या भागात बागायत वाढली, तशी उसाची शेतीही वाढली. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस बिबट्याला लपायला आणि पिल्ले वाढवायला सोयीचा ठरतो. वस्तीवरची कुत्री, शेळ्या आणि वासरे हे त्याला सहज मिळणारे भक्ष्य. त्यातच शेतीपंपांची थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते आणि शेतकऱ्याला अंधारात मोटार सुरू करायला जावे लागते. अशा वेळी दार उघडण्याआधी बाहेर काय आहे, हे कळणे महत्त्वाचे असते.

कॅमेरा नेमका कशासाठी हवा?

गरजा साधारण तीन असतात. रात्रीतून कोणता प्राणी, कोणत्या वाटेने गेला हे सकाळी पाहायचे असेल, तर ट्रॅप कॅमेरा घ्यावा. आत्ता अंगणात किंवा गोठ्यापाशी काय आहे हे घरात बसून पाहायचे असेल, तर सीसीटीव्ही हवा. घरापासून लांब असलेल्या विहिरीवर किंवा मोटारीवर नजर ठेवायची असेल, तर सौर पॅनेल आणि सिमकार्डवर चालणारा फोरजी कॅमेरा. एकच कॅमेरा ही तिन्ही कामे नीट करत नाही.

ट्रॅप कॅमेरा कसा काम करतो?

तो सतत चित्रण करत नाही. त्यातला पीआयआर सेन्सर उष्णतेतील बदल टिपतो आणि अंगात ऊब असलेला प्राणी समोरून हलला की कॅमेरा जागा होतो. त्यामुळे पेन्सिल सेलवर तो अनेक आठवडे चालतो. खरेदी करताना ‘ट्रिगर स्पीड’ पाहावा. तो अर्ध्या सेकंदापेक्षा कमी असावा, नाहीतर फोटोत फक्त शेपूट येते. सेन्सर समोरून येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्या प्राण्याला चटकन ओळखतो. म्हणून कॅमेरा पाऊलवाटेला तिरका किंवा आडवा, साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधावा. समोरचे गवत काढावे, ते वाऱ्याने हलले तरी शेकडो रिकामे फोटो पडतात.

जुन्नरच्या शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे शेतशिवारात लावले होते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते. त्यावरून त्यांनी बिबटे ओळखले आणि दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपकेही वेगवेगळे असल्याने अशा अभ्यासात वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. शेतकऱ्याला एवढ्या खोलात जाण्याची गरज नसते, त्याच्यासाठी एक कॅमेरा पुरतो.

अंगणासाठी लेन्स का महत्त्वाची?

स्वस्त सीसीटीव्हीत बहुधा २.८ मिलिमीटरची लेन्स असते. ती खूप रुंद परिसर दाखवते, पण त्यात प्राणी बारीक दिसतो. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. २० मीटरवर या लेन्सच्या चौकटीत साधारण ५२ मीटर रुंदीचा परिसर येतो. शेपूट सोडून बिबट्याचे शरीर सव्वा मीटरच्या आसपास धरले, तर त्याच्या वाट्याला जेमतेम ४५ पिक्सेल येतात. ४ मिलिमीटरच्या लेन्सने तेच सुमारे ७० आणि ६ मिलिमीटरच्या लेन्सने ११५ च्या पुढे जातात. २.८ मिलिमीटरची लेन्स ठेवून ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला, तरी आकडा साठच्या घरातच राहतो. म्हणजे गोठा १५-२० मीटरवर असेल, तर मेगापिक्सेलवर पैसे घालण्याआधी लेन्स बदलावी. दाराजवळच्या पाच-सात मीटरसाठी २.८ मिलिमीटर ठीक आहे.

एक बिनखर्चाचा उपायही आहे. चौकटीत दिसणाऱ्या खांबावर जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर रंगाचा पट्टा ओढावा. प्रौढ बिबट्याचा खांदा साधारण तेवढा किंवा थोडा वर असतो, मांजराचा त्याच्या निम्म्याहून खाली. अंतराचा अंदाज चुकल्याने मांजराचा बिबट्या होतो, ते यामुळे टळते.

रात्रीच्या चित्रणाचे काय?

खोक्यावर लिहिलेले ‘३० मीटर नाइट व्हिजन’ हे मोकळ्या, कोरड्या हवेतले असते. पाऊस आणि धुक्यात ते बरेच घटते. इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे जमतात, मग कोळी जाळे विणतात आणि सगळे चित्र पांढरे होते. आठवड्यातून एकदा काच पुसणे गरजेचे. ट्रॅप कॅमेऱ्यात ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर पोहोचतात, पण मंद लाल दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. कॅमेरा चोरीला जाण्याची भीती असेल, तर दुसरा पर्याय बरा.

वीज आणि रेंज नसेल तर?

फोरजी कॅमेरा घेण्याआधी त्याच जागी, त्याच कंपनीच्या सिमवर मोबाइलवरून व्हिडिओ कॉल करून पाहावा. पश्चिमेकडील डोंगराळ गावांत हे विशेष आवश्यक. कॅमेऱ्याने १ एमबीपीएस वेगाने सतत चित्र पाठवले, तर दिवसाला १० जीबीपेक्षा जास्त डेटा लागतो. त्यामुळे चित्रण कार्डवर साठवून हालचाल झाल्यावरच इशारा देणारी सोय निवडावी. सौर पॅनेल बसवताना उसाची पुढची उंची लक्षात घ्यावी. लागणीच्या वेळी उन्हात असलेले पॅनेल आणि मोकळी दिसणारी चौकट वर्षभरात पिकाआड जाते.

एआय आणि थर्मल कॅमेरे घ्यावेत का?

माणूस, वाहन आणि प्राणी वेगळे ओळखणारा कॅमेरा उपयोगी आहे, कारण पान हलले तरी वाजणाऱ्या इशाऱ्याचे ‘लांडगा आला रे आला’ होते आणि खऱ्या वेळी कोणी मोबाइल पाहत नाही. मात्र घरगुती कॅमेऱ्यातला ‘प्राणी’ म्हणजे बिबट्याच असे नाही. थर्मल कॅमेरा अंधारातही ऊब दाखवतो, पण दाट उसाच्या आरपार पाहू शकत नाही. त्याची किंमतही एका घराला परवडणारी नसते.

बिबट्या दिसला तर?

बाहेर जाऊन खात्री करू नये. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. समाजमाध्यमावरून फिरून आलेली नव्हे, तर कॅमेऱ्यातली मूळ फाइल द्यावी. त्यासाठी कॅमेऱ्याची तारीख आणि वेळ आधीच बरोबर लावलेली हवी. वनजमिनीवर परवानगीशिवाय कॅमेरा लावू नये.

पडद्यावर काही दिसले नाही म्हणून बाहेर काही नाही, असे समजणेही धोक्याचे. चौकटीबाहेरचे आणि इशारा पोहोचायला लागणाऱ्या काही सेकंदांतले कॅमेरा सांगत नाही. बजेट मर्यादित असेल, तर आधी गोठ्याला चारही बाजूंनी जाळी, वर छप्पर आणि घट्ट बंद होणारे दार करावे. उरलेल्या पैशांत कॅमेरा घ्यावा.