महाराष्ट्रातील व्हिस्की उद्योग

महाराष्ट्रातील व्हिस्की उद्योग हा राज्याच्या साखर आणि मद्यार्क व्यवसायाशी जोडलेला उद्योग आहे. जगात सर्वाधिक व्हिस्की भारतात खपते, आणि तिच्या उत्पादनात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ऊस, मळी, आसवन्या, बाटली भरणारे कामगार आणि कर गोळा करणारे शासन असे सर्व घटक राज्यात असले, तरी ज्या नावांनी ही व्हिस्की विकली जाते, त्यांची मालकी दीर्घकाळ बंगळूर, लंडन आणि पॅरिस येथील कंपन्यांकडे राहिली. २०२५ मध्ये हे चित्र काही प्रमाणात बदलले.

कच्चा माल व उत्पादन

स्कॉच व्हिस्की धान्यापासूनच तयार करावी लागते आणि ती स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षे मुरवावी लागते. भारतात असे बंधन नाही. येथील बहुतेक स्वस्त व मध्यम किमतीच्या व्हिस्कीचा पाया मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला गंधहीन शुद्ध मद्यार्क हा असतो. त्यात मोड आणलेल्या बार्लीपासून गाळलेले माल्ट मद्य मिसळतात आणि काही ब्रँडांत थोडी आयात स्कॉचही घालतात. मळीच्या मद्यार्कापासून बनलेले असे पेय युरोपीय संघात ‘व्हिस्की’ या नावाने विकता येत नाही.

मळी हा साखर कारखान्याचा जोडपदार्थ असल्याने साखरपट्ट्यात आसवन्या उभ्या राहणे ओघाने आले. प्रवरानगरपासून पुढे उभ्या राहिलेल्या अनेक सहकारी साखर कारखान्यांनी उपपदार्थ म्हणून मद्यार्काचे उत्पादन सुरू केले. मळीच्या दरावर व वाटपावर केंद्र शासनाचे नियंत्रण होते; ते १९९३ मध्ये उठले. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे त्याच मळीला दुसरा मोठा ग्राहक मिळाला आहे. त्यामुळे मद्य कंपन्यांना धान्याच्या मद्यार्काकडेही पाहावे लागते.

मुरवलेल्या माल्ट व्हिस्कीचे उत्पादन भारतात अद्याप लहान आहे. उष्ण हवामानात पिंपातील मद्य लवकर मुरते, परंतु उडूनही लवकर जाते. स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला सुमारे २ टक्के असते. भारतात ती १० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. शेजारच्या गोव्यात कुंकळ्ळी येथे पॉल जॉन या माल्ट व्हिस्कीचे उत्पादन होते. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी येथे पर्नो रिकार कंपनीने तयार केलेली ‘लाँजिट्यूड ७७’ ही माल्ट व्हिस्की २०२२ मध्ये बाजारात आली.

यंत्रसामग्री : पिंपरी-चिंचवड परिसर

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा वाहनउद्योगासाठी ओळखला जातो. मद्यार्क उद्योगाशी त्याचा संबंध यंत्रांच्या मार्गाने येतो. आसवनीत ऊर्ध्वपातनाचे उंच स्तंभ, उष्णता विनिमयक आणि किण्वनाच्या टाक्या लागतात. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या हिंजवडी येथे मुख्यालय असलेली प्राज इंडस्ट्रीज ही कंपनी प्रमोद चौधरी यांनी १९८३ मध्ये स्थापन केली. मद्यार्क व इथेनॉलचे प्रकल्प उभारणारी ही कंपनी देशाबाहेरही काम करते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दापोडी येथे अल्फा लावल या स्वीडिश कंपनीचा उष्णता विनिमयक बनवणारा जुना कारखाना आहे. मद्यविक्रीच्या आकड्यांत या कारखान्यांचा उल्लेख येत नाही. आसवनीमुळे निर्माण होणाऱ्या कुशल रोजगाराचा बराच भाग मात्र अशा ठिकाणी असतो.

कायदा व महसूल

या उद्योगाचे नियमन करणाऱ्या कायद्याचे नावच दारूबंदी अधिनियम आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मधील बलसारा खटल्यात बहुतांशी वैध ठरवला. पुढे बंदी शिथिल झाली, परंतु कायदा राहिला. आज परवाने देणे आणि शुल्क आकारणे ही कामे त्याच कायद्याखाली होतात, आणि मद्य पिणाऱ्याने परवाना बाळगावा अशी तरतूदही त्यात आहे.

मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावर उत्पादन शुल्क व मूल्यवर्धित कर आकारण्याचा अधिकार राज्याकडे आहे. वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर राज्यांच्या हाती स्वतंत्रपणे दर ठरवता येतील असे मोजकेच कर उरले, त्यांपैकी हा एक महत्त्वाचा. प्रत्येक राज्य बाहेरून येणाऱ्या मद्यावर वेगळे शुल्क लावत असल्यामुळे कंपन्यांना मोठ्या बाजारपेठेच्या राज्यातच बाटल्या भरणे परवडते. स्कॉटलंडमध्ये मालक कोणत्याही देशाचा असला, तरी तेथे मुरवण्याचा नियम उत्पादनाला जागेवर बांधून ठेवतो. महाराष्ट्रात हे काम करांच्या भिंती करतात, आणि म्हणूनच कारखाना येथे असणे व मालकी येथे असणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. पुष्कळदा ब्रँडच्या मालकाचा स्वतःचा कारखानाही नसतो. स्थानिक आसवनी कराराने बाटल्या भरून देते.

विरोध

राज्याला महसूल देणाऱ्या या व्यवसायाला राज्यातच जुना व संघटित विरोध आहे. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी लागू आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. गावातील किंवा प्रभागातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’च्या बाजूने कौल दिल्यास तेथील दुकान बंद करण्याची तरतूद आहे. ज्वारीसारख्या धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण शासनाने २००७ मध्ये आखले, तेव्हा व्यसनमुक्ती चळवळीतील कार्यकर्त्यांनी त्यास तीव्र विरोध केला. अन्नधान्य दारूसाठी का, हा त्यांचा पहिला आक्षेप होता. लाभ राजकारण्यांशी संबंधित कारखान्यांना मिळतो, हा दुसरा.

मालकीचा इतिहास

मद्रासमध्ये ब्रिटिश व्यापाऱ्याने सुरू केलेली मॅकडॉवेल ही कंपनी विठ्ठल मल्ल्या यांनी १९५१ मध्ये विकत घेतली. त्यांच्या युनायटेड ब्रुअरीज समूहाने २००५ मध्ये शॉ वॉलेस ही प्रतिस्पर्धी कंपनी ताब्यात घेतल्यावर देशातील बहुतेक मोठे ब्रँड एका छताखाली आले. समूहातील युनायटेड स्पिरिट्सने २००७ मध्ये व्हाइट अँड मकाय ही स्कॉटिश कंपनीही घेतली. ही चढाई कर्जावर उभी होती. लंडनस्थित डियाजिओने २०१२ पासून युनायटेड स्पिरिट्सचे भाग घेण्यास सुरुवात केली आणि २०१४ मध्ये निम्म्याहून अधिक भागभांडवल मिळवले. व्हाइट अँड मकाय त्याच वर्षी विकावी लागली. २०२२ मध्ये डियाजिओच्या नियंत्रणाखालील युनायटेड स्पिरिट्सने आपले ३२ स्वस्त ब्रँड इनब्रू या कंपनीला विकले.

फ्रान्सची पर्नो रिकार भारतात मोठी झाली ती २००१ मध्ये सीग्रामच्या व्यवसायाची डियाजिओबरोबर वाटणी झाल्यावर. रॉयल स्टॅग, ब्लेंडर्स प्राइड आणि इम्पिरियल ब्लू हे ब्रँड तिला या वाटणीतून मिळाले. देशी मालकीच्या मोठ्या कंपन्यांपैकी ऑफिसर्स चॉइस विकणारी अलाईड ब्लेंडर्स अँड डिस्टिलर्स मुंबईची असून तिचे भाग जुलै २०२४ मध्ये शेअर बाजारात नोंदले गेले.

२०२५ मधील बदल

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या ३ पटींवरून ४.५ पट केले. वर्षाला १४,००० कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाचा अंदाज त्यावेळी मांडण्यात आला. त्याच निर्णयाने धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गाला मान्यता मिळाली. हे मद्य केवळ राज्यातील स्थानिक उत्पादकांनीच बनवायचे आहे. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशी दारूसाठी ८०, नव्या वर्गासाठी १४८ आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ रुपये ठरली. करआकारणीतून उत्पादकाच्या स्थानिकत्वाला असे उघड झुकते माप देणे हे पूर्वीच्या धोरणापेक्षा वेगळे होते.

त्याच वर्षी पर्नो रिकारने इम्पिरियल ब्लूचा व्यवसाय सुमारे ४,१५० कोटी रुपयांना तिलकनगर इंडस्ट्रीजला विकण्याचे जाहीर केले; व्यवहार डिसेंबरमध्ये पूर्ण झाला. महादेव डहाणूकर यांनी श्रीरामपूरजवळ १९३३ मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्स या नावाने स्थापन केलेली ही कंपनी तोपर्यंत मुख्यतः मॅन्शन हाउस ब्रँडीसाठी ओळखली जात होती, आणि विकत घेतलेल्या व्यवसायाची उलाढाल तिच्या स्वतःच्या उलाढालीहून दुपटीपेक्षा अधिक होती. साखर कारखाना म्हणून जन्मलेली नगर जिल्ह्यातील कंपनी अशा रीतीने देशातील सर्वाधिक खपाच्या व्हिस्की ब्रँडांपैकी एकाची मालक झाली.

स्वस्त ब्रँड विकणाऱ्या पर्नो रिकारने महाराष्ट्रातून पाय काढलेला नाही. नागपूरजवळील बुटीबोरी येथे माल्ट मद्याची मोठी आसवनी उभारण्यासाठी तिने राज्य शासनाशी करार केला असून, प्रस्तावित गुंतवणूक १,७८५ कोटी रुपयांपर्यंत आहे. जुलै २०२५ मध्ये सह्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारानुसार स्कॉचवरील १५० टक्के आयात शुल्क प्रथम ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत खाली यायचे आहे. महाग व्हिस्कीच्या बाजारात दिंडोरी व बुटीबोरीच्या माल्टला त्यामुळे स्कॉचशी अधिक थेट स्पर्धा करावी लागेल.