पोकेमॉन गोमधील प्रशिक्षक लढतीचे डावपेच

प्रशिक्षक लढत हा पोकेमॉन गो या मोबाइल खेळातील दोन खेळाडूंमधील सामन्याचा प्रकार आहे. प्रत्येक खेळाडू तीन पोकेमॉन घेऊन उतरतो आणि ज्याचे तिन्ही पोकेमॉन आधी बाद होतात तो हरतो. नियम अर्ध्या तासात समजतात. मात्र वरच्या दर्जाची लढत मोजणी, वेळ साधणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या मनाचा अंदाज यांवर ठरते.

पार्श्वभूमी

१९९६ मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या मूळ पोकेमॉन खेळांत लढत पाळीपाळीने होते व विचार करण्यास उसंत मिळते. नायँटिक कंपनीने जुलै २०१६ मध्ये आणलेल्या पोकेमॉन गोमध्ये लढत सलग चालते. हा खेळ डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने भारतात अधिकृतपणे दाखल झाला. खेळाडूंनी एकमेकांशी लढण्याची सोय डिसेंबर २०१८ मध्ये आली, तर गो बॅटल लीगचा पहिला हंगाम मार्च २०२० मध्ये सुरू झाला. लढतीसाठी आधी ठरावीक अंतर चालण्याची अट होती. महामारीच्या काळात ती काढून टाकण्यात आली. २०२२ मध्ये लंडनच्या जागतिक पोकेमॉन स्पर्धेत या खेळाचा प्रथमच समावेश झाला. २०२५ मध्ये अॅनाहाइम येथे हे विजेतेपद भारताच्या वेद बंब याने मिळवले.

लढतीची यंत्रणा

लढतीतील काळ अर्ध्या सेकंदाच्या खेळ्यांमध्ये विभागलेला असतो. पोकेमॉनकडे एक जलद हल्ला आणि एक किंवा दोन भारित हल्ले असतात. जलद हल्ल्याने थोडी हानी होते आणि ऊर्जा साठते. ती ऊर्जा खर्चून भारित हल्ला करता येतो. साठ्याची कमाल मर्यादा १०० आहे. प्रत्येक खेळाडूला दोन ढाली मिळतात. ढाल वापरल्यास भारित हल्ल्याची हानी केवळ १ इतकी उरते. स्वेच्छेने पोकेमॉन बदलल्यावर काही काळ पुन्हा बदल करता येत नाही. या बंदीच्या काळात प्रतिस्पर्धी आपल्यावर भारी पडणारा पोकेमॉन मैदानात आणू शकतो.

प्रकारांच्या गुणोत्तराला मोठे महत्त्व आहे. अनुकूल प्रकाराचा हल्ला १.६ पट, तर प्रतिकूल हल्ला ०.६२५ पट परिणाम करतो. पाणी आणि जमीन असे दोन्ही प्रकार असलेल्या स्वॅम्पर्टवर गवत प्रकाराचा हल्ला दोनदा अनुकूल ठरून २.५६ पट बसतो. संघात असा पोकेमॉन घेणाऱ्याला उरलेल्या दोघांपैकी एकाकडे तरी गवताचा तोडगा ठेवावा लागतो.

ऊर्जेची मोजणी

अनुभवी खेळाडू प्रतिस्पर्ध्याचे जलद हल्ले मोजत असतो. गो बॅटल लीगच्या सुरुवातीच्या काळात स्वॅम्पर्टचा मड शॉट हा जलद हल्ला दोन खेळ्यांत ९ ऊर्जा देत असे. त्याच्या हायड्रो कॅननला ४० आणि अर्थक्वेकला ६५ ऊर्जा लागे. पाच मड शॉटनंतर ४५ ऊर्जा होऊन हायड्रो कॅनन तयार होई व वापरानंतर ५ ऊर्जा शिल्लक राही. त्यामुळे पुढचा हायड्रो कॅनन चारच मड शॉटनंतर मिळे. ही शिल्लक न मोजणारा खेळाडू पाचव्याची वाट पाहत बसे आणि फसे. हंगामागणिक आकडे बदलत असले तरी मोजण्याची रीत तीच राहते.

आठ मड शॉटनंतर ७२ ऊर्जा जमते. आता स्वॅम्पर्टला दोन्ही हल्ले शक्य असतात आणि समोरच्याला कोणता येणार हे कळत नाही. स्वस्त हल्ला करून ढाल खर्ची पाडणे याला आमिष दाखवणे म्हणतात. आमिष ओळखून ढाल राखली, तर बचावकर्त्याचा मोठा फायदा होतो. अंदाज चुकून अर्थक्वेक आला, तर पोकेमॉन जागीच बाद होऊ शकतो. या प्रसंगी गणित मदत करत नाही. शिल्लक ढाली, मागे उरलेले पोकेमॉन आणि समोरच्याची आतापर्यंतची सवय पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

मरणासन्न पोकेमॉनवर भारित हल्ला वाया न घालवता त्याला केवळ जलद हल्ल्यांनी संपवणे आणि साठलेली ऊर्जा पुढच्या पोकेमॉनसाठी राखणे, हा आणखी एक डाव. पोकेमॉन माघारी बोलावला तरी त्याची ऊर्जा कायम राहते. मात्र लढतीत वाढलेले किंवा घटलेले आक्रमण व संरक्षण पूर्ववत होते.

वेळ साधणे

जलद हल्ले एक ते पाच खेळ्यांचे असतात. प्रतिस्पर्ध्याचा लांब हल्ला अर्धवट असताना भारित हल्ला केल्यास तो हल्ला तेथेच पूर्ण होतो आणि उरलेल्या खेळ्या त्याला फुकट मिळतात. म्हणून दोघांचे हल्ले एकाच खेळीत संपतील असा क्षण निवडणे हिताचे असते. दोघांनी एकाच खेळीत भारित हल्ला केल्यास ज्याचे आक्रमण जास्त त्याचा हल्ला आधी होतो.

गुणांक आणि बलमर्यादा

ग्रेट लीगमध्ये सीपी या बलदर्शक आकड्याची मर्यादा १५०० आणि अल्ट्रा लीगमध्ये २५०० असते. मास्टर लीगला मर्यादा नसते. सीपीच्या सूत्रात आक्रमण पूर्ण धरले जाते, तर संरक्षण आणि जीवनशक्ती यांची वर्गमुळे घेतली जातात. आक्रमण १० टक्के वाढल्यास सीपी १० टक्के वाढतो, पण संरक्षण तेवढेच वाढल्यास सुमारे ५ टक्केच. म्हणून मर्यादित लीगमध्ये तिन्ही जन्मजात गुणांक १५ असलेला 'परिपूर्ण' पोकेमॉन सहसा सर्वोत्तम नसतो. असा स्वॅम्पर्ट १५०० च्या आत १७.५ पातळीवर थांबतो, तर आक्रमणाचा गुणांक ० आणि इतर दोन १५ असलेला १८.५ पर्यंत जातो. पहिल्याचे आक्रमण सुमारे १२५ व संरक्षण १०६, दुसऱ्याचे अनुक्रमे १२० व १०९ भरते.

हा फरक नवखे खेळाडू फार मोठा मानतात. प्रत्यक्षात तो अनेकदा एखाद्या जलद हल्ल्याइतकाच असतो. तरी काही वेळा तो निर्णायक ठरतो. हानीच्या सूत्रात अपूर्णांक गाळून १ मिळवला जातो. गणिताने ३.९८ आल्यास हानी ४ होते आणि ४.०१ आल्यास ५. आक्रमणातील नगण्य वाढीने जलद हल्ल्याची हानी अशा वेळी एक चतुर्थांशाने वाढते.

ग्रामीण खेळाडू आणि लीगची निवड

खेळातील पोकेस्टॉप आणि जिम मंदिरे, पुतळे, उद्याने अशा सार्वजनिक स्थळांवर असतात व त्यांतील बरीच खेळाडूंनी सुचवलेली आहेत. त्यामुळे मुंबई-पुण्यात ती दाट, तर नंदुरबारसारख्या जिल्ह्यात विरळ असणे ओघानेच येते. मास्टर लीगमध्ये याचा फटका सर्वाधिक बसतो. पोकेमॉन ४० वरून ५० व्या पातळीवर नेण्यास २९६ एक्सएल कँडी लागतात आणि त्या मुख्यतः भरपूर पोकेमॉन पकडून, चालून किंवा सामूहिक रेड लढून मिळतात. ग्रेट लीगमधील स्वॅम्पर्टला यांपैकी एकही लागत नाही. मात्र हायड्रो कॅनन हा विशेष हल्ला असून तो शिकवण्यासाठी ठरावीक कार्यक्रमाचा दिवस किंवा दुर्मीळ साधन लागते.

लढती इंटरनेटवरून होत असल्याने शहादा किंवा तळोदा येथील खेळाडूला प्रतिस्पर्धी शोधत शहरात जावे लागत नाही. अडचण वेगळीच आहे. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांत अनेक ठिकाणी मोबाइलचे जाळे क्षीण असते, आणि अर्ध्या सेकंदाच्या खेळीत संदेश उशिरा पोहोचला तर अचूक मोजणीही व्यर्थ जाते. अशा खेळाडूंना एका खेळीच्या हल्ल्यांपेक्षा लांब जलद हल्ल्यांचे, सोसण्याची ताकद जास्त असलेले पोकेमॉन सोयीचे पडतात. त्यांच्या लढतीत क्षण साधण्यावर कमी आणि प्रकारांच्या निवडीवर अधिक भिस्त असते.

स्पर्धेतील रीत

अधिकृत स्पर्धा ग्रेट लीगच्या मर्यादेत होतात. खेळाडू सहा पोकेमॉनचा संघ आधी जाहीर करतो आणि प्रत्येक डावासाठी त्यांतील तीन निवडतो. समोरचे सहा पोकेमॉन दिसत असल्याने पहिल्या डावात कोणते तीन येतील, हरल्यावर प्रतिस्पर्धी तेच ठेवील की बदलील, हा अंदाज लढतीइतकाच महत्त्वाचा होतो. गो बॅटल लीगमध्ये मात्र समोरचा संघ अज्ञात असतो. तेथे पहिला पोकेमॉन प्रतिकूल निघाल्यास लगेच बदली करायची की ढाल खर्चून तग धरायचा, हे पहिल्या दोन-तीन सेकंदांतच ठरवावे लागते.