पंचांच्या बुटात काय घालावं?

पायाची कमान आणि तिला द्यायचा आधार हा विषय या वेळी घेईन असा शब्द दिला होता. तो आता पुढच्या आठवड्यावर गेला, कारण मुरुडहून आलेलं एक पत्र. लिहिणारे सर शाळेत खेळ शिकवतात, खो-खो आणि कबड्डीला पंच म्हणून उभे राहतात आणि पहाटे बार्शी रस्त्याला पळायलाही जातात. पळायच्या बुटात त्यांनी लातूरहून आणलेला जाड, मऊ इनसोल घातला. टाचेला आराम पडला. मग तसलाच दुसरा जोड आणून त्यांनी पंचगिरीच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटात घातला. शालेय स्पर्धांच्या दिवशी दुपारपर्यंत अंगठ्यांची नखं ठणकायला लागली आणि संध्याकाळी बोटांना मुंग्या आल्या. पाय तोच, इनसोल तोच, मग असं का, असं ते विचारतात.

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. खेळाडूच्या बुटांवर सगळे बोलतात, पंचाच्या पायाकडे मात्र कुणाचं लक्षच जात नाही. खेळाडू आपला सामना खेळून सावलीला बसतो. पंच तिथंच असतो. खो-खोच्या मोठ्या गटात नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या म्हणजे एका सामन्याला छत्तीस मिनिटांचा खेळ. तो संपतो न संपतो तोच पुढचे दोन संघ रांगेत उभे असतात. आपल्या भागात तर खो-खो घराघरात आहे. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तो काही आभाळातून पडला नाही. त्यामागे गावोगावची मैदानं आहेत आणि त्या मैदानांवर उन्हात उभे राहिलेले पंचही आहेत.

आता हा पंच हलतो कसा ते बघा. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. मैदानाचा एकेक अर्धा भाग एकेका पंचाच्या वाट्याला, आणि तो उभा लॉबीच्या बाहेर. नजर सतत आत, पाठलाग करणाऱ्यावर. त्यामुळे तो सरळ पळतच नाही. चार पावलं आडवी टाकतो, खांबाशी कचकन थांबतो, वळतो, परत आडवा जातो. कबड्डीत बाजूच्या रेषेवर उभ्या असलेल्या पंचाचंही तेच. पळणाऱ्याचं पाऊल मात्र एकाच दिशेनं, एकाच तालात पडतं. म्हणून पळणाऱ्याला टाचेखाली आणि चवड्याखाली थोडा मऊपणा मानवतो. आडव्या पावलाला तोच मऊपणा दगा देतो. फोम कडेला दबतो, पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि थांबताना पुढं सरकून बोटं बुटाच्या नाकावर आदळतात.

त्यात कॅनव्हासच्या बुटाची स्वतःची अडचण. त्याचं नाक आधीच बुटकं असतं. जाड सोल आत गेला की पाय वर उचलला जातो आणि बोटांच्या डोक्यावरची जागा संपते. शिवाय अशा बुटांत मूळचा पातळ कापडी सोल चिकटवलेला असतो आणि बहुतेक जण तो न काढता त्यावरच नवा ठेवतात. सर, तुम्हीही तेच केलं असणार. जुना आधी काढायचा, मगच नवा घालायचा. चिकटवलेला निघत नसेल तर बूट शिवणाऱ्या मामांकडे न्या, ते न फाडता सोडवून देतात. तरीही जागा कमी पडली तर त्या बुटात जाड सोल बसवायचा हट्ट सोडा.

जुना सोल काढलात की तो फेकू नका. उजेडात धरून बघा. पळणाऱ्याच्या सोलवर टाचेचा आणि अंगठ्यामागच्या चवड्याचा खळगा खोल दिसतो. पंचाच्या सोलवर बाहेरची कड चेपलेली असते, करंगळीच्या खाली कापड विरलेलं असतं आणि अंगठ्याच्या टोकाशी थांबण्याचा एक काळपट डाग असतो. टाचेच्या खळग्यात अंगठ्यानं दाबा. फोम लगेच वर आला तर त्यात अजून जीव आहे. दाबल्याचा ठसा तसाच राहिला किंवा टाचेखालचा फोम कमानीखालच्या फोमच्या निम्म्यावर आला, तर तो सोल संपला. दुकानात जाताना हा जुना सोल आणि बूट दोन्ही बरोबर न्या. नवा सोल जुन्याच्या मूळ जाडीइतकाच हवा, आणि मूळ जाडी कमानीपाशी, जिथं दाब कमी पडतो, तिथं दिसते.

मालाचं थोडक्यात सांगतो. बाजारात बहुतेक सोल ईव्हीए फोमचे असतात. हलके, स्वस्त, पण लवकर चेपणारे. पीयू फोम जड असतो, पण महिनोन्‌महिने उभारी धरून राहतो. दिवसभर उभ्या राहणाऱ्याला माझा कौल पीयूला. जेलचे सोल दुकानात बोटानं दाबताना फार आवडतात, पण वजन वाढतं आणि आपल्याकडच्या उन्हात पाय घामेजतो. पंचाला मी ते सुचवणार नाही. त्यानं पातळ, जरा घट्ट, टाचेभोवती खोल वाटी असलेला आणि वरून खरखरीत कापडाचा सोल घ्यावा. वरचं कापड गुळगुळीत असेल तर घामात पाय घसरतो आणि फोड येतात. आपल्या मुरमाच्या मैदानावर घट्टपणाचा आणखी एक फायदा आहे. पातळ तळाच्या बुटातून खडा टोचतो तेव्हा मऊ फोम त्याला वाट करून देतो, घट्ट थर तो टोचा पसरवतो. मॅटवर हा प्रश्न नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक मॅटवर झाला. मॅट स्वतःच दबते, तिथं आणखी पातळ सोलही चालतो.

मग नेमका कोणता? यावर कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचं एक काम मला फार आवडतं. बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०६ सैनिक होते. सोल घालणाऱ्या गटापुढं सहा तऱ्हांचे सोल ठेवले आणि ज्याला जो सुखाचा वाटेल तो त्यानं निवडायचा, एवढंच सांगितलं. सगळ्यांनी एकच उचलला नाही, निवड वेगवेगळ्या तऱ्हांत वाटली गेली. काही महिन्यांनी पाहिलं तर नुसत्या बुटात राहिलेल्या गटापेक्षा या मंडळींच्या दुखापती आणि दुखणी कमी निघाली. म्हणून मित्राला मानवला तोच आपल्याला मानवेल हे धरून चालू नका. दुकानात सोल बुटात घालून दहा मिनिटं उभे राहा, आडवी पावलं टाका, पळून कचकन थांबा. दुकानदार बघत राहिला तरी चालेल.

पोलीस भरतीच्या पोरांसाठी एकच गोष्ट. १६०० मीटरला वीस गुण आहेत. मैदानी चाचणीच्या आठवड्यात सोल बदलू नका. नवा सोल महिनाभर आधी आणा, पहिले काही दिवस निम्म्या अंतराला वापरा. स्पाइक्समधला पातळ सोल तर बदलूच नका, तो तसाच चिकटलेला राहू द्या.

कापताना कात्री बोटांच्या बाजूनंच चालवा, जुना सोल वर ठेवून पेननं आखा आणि आखलेल्या रेषेच्या बाहेरून कापा. टाचेकडं कापलंत की वाटी बिघडली. धुतलेला सोल पत्र्यावर उन्हात टाकू नका. एप्रिलच्या उन्हात ईव्हीए आक्रसतो, कडा वळतात आणि परत बुटात बसत नाही. सावलीत, वाऱ्यावर वाळवा.

सुखाचा वाटेल तो घ्या म्हणालो, त्याला एक मोठा अपवाद आहे. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना हा नियम लावू नका. पन्नाशी ओलांडलेल्या पंचांमध्ये आणि पहाटे पळणाऱ्यांमध्ये असे बरेच असतात. त्यांच्या पायाला चुकीचा सोलही सुखाचाच वाटतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवरून हेच दाखवून दिलं. जखम होते ती वेदना कळत नाही म्हणून. एकाच जागी येणारा दाब पसरवणाऱ्या मऊ रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला आपल्याकडं आधी कुष्ठरुग्णांसाठी वापरात होत्या, आता मधुमेहींनाही देतात. अशा वाचकांनी सोल डॉक्टरांना पाय दाखवूनच घ्यावा आणि नवा घातल्यावर रोज रात्री तळपाय आरशात बघावा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो सोल त्या बुटातून काढावा.

कमानीचं मात्र पुढच्या आठवड्यात नक्की. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून सोल निवडायची पद्धत कितपत खरी, तेही तेव्हाच बघू. तोवर प्रत्येकानं आपला ठसा एका कागदावर घेऊन ठेवावा.