एक नंबर मोठा टायर

मारुती ८०० च्या टायरवर १४५/७० आर१२ असं लिहिलेलं असायचं आणि ते सहसा कुणी वाचत नसे. रुंदी १४५ मिलिमीटर, रुंदीच्या सत्तर टक्के उंचीची बाजू आणि आत बारा इंची रिम. अख्खा टायर उभा धरला तर जेमतेम ५०८ मिलिमीटर. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली तेव्हा रस्त्यावर चौदा इंची चाकांच्या पद्मिनी आणि पंधरा इंची चाकांच्या ॲम्बॅसडर होत्या. त्यांतून उतरून ८०० कडे वळणाऱ्याला गाडी आवडायची, चाकं मात्र खेळण्यातली वाटायची. टायरचं माप बदलण्याची आपल्याकडची हौस इथून सुरू झाली असं मला वाटतं. तेव्हा ती हौस नव्हतीच, गरज होती. कारण एकच: ‘गाडी खाली लागते.’

पाच माणसं, डिकीत सामान आणि गावाकडचा रस्ता एवढं जमलं की गतिरोधकावर पोट घासल्याचा आवाज ठरलेला. त्यावर टायरच्या दुकानात मिळणारा सल्ला असे, एक नंबर मोठा टाका. पुढे अल्टो आली आणि तिचा १४५/८० आर१२ सगळीकडे सहज मिळू लागला. रिम तोच, रुंदी तीच, फक्त बाजू उंच. ८०० वर तो चढायचा. गाडी साधारण दीड सेंटिमीटर वर यायची, शिवाय एका टायरची भार पेलण्याची क्षमता ३२५ किलोंवरून ३७५ किलोंवर जायची. खेड्यापाड्यांतल्या वापरासाठी हा सौदा वाईट म्हणता येणार नाही.

पण चाकाचा व्यास वाढला की गाडीचे बाकीचे हिशेबही बदलतात, आणि ते दुकानात कुणी सांगत नसे. ५०८ चा टायर ५३७ चा झाला म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी पावणेसहा टक्के जास्त पुढे जाते. गिअरबॉक्सला मात्र फक्त फेरेच कळतात. म्हणजे प्रत्येक गिअर थोडा लांब झाला. सपाटीवर इंजिन शांत वाटायचं, मालक खूश. खंबाटकीच्या चढावर भरलेली गाडी जिथे दुसऱ्यात निघायची तिथे पहिला टाकावा लागे, आणि ७९६ सीसीच्या त्या इंजिनाकडे उधळायला ताकद होती कुठे? मीटर बरोबर आहे असं धरलं तर काटा ऐंशीवर असताना गाडी प्रत्यक्षात साडेचौऱ्याऐंशीने पळायची. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासला म्हणून कुरकुर व्हायची ती वेगळी. ॲव्हरेज कमी झालं अशी तक्रारही यायची. त्यातली काही घट खरी असे, पण काही नुसती मीटरची. प्रत्यक्ष अंतर जास्त कापलेलं असायचं आणि मीटर ते कमी मोजायचा.

त्या काळातला माझ्या मते शहाणा पर्याय होता १५५/७० आर१२. व्यास ५२२, म्हणजे पावणेतीन टक्के वाढ. एकूण व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा हा टायरवाल्यांचा जुना संकेत आहे, आणि हे माप त्यात बसतं. मात्र गाडी त्याने फार उंच दिसायची नाही. म्हणूनच बहुधा तो कमी खपला.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि पुण्यामुंबईच्या दुकानांत मागणीचा रोख बदलला. आता गाडी उंच नको, रुंद हवी. सँट्रोसारख्या गाड्यांना अलॉय रिम बसवायची चढाओढ लागली. यात हिशेबाने चालणारेही होते. मूळ १५५/७० आर१३ च्या जागी १६५/६० आर१४ घातला तर व्यास जवळपास सव्वा टक्काच वाढतो. मीटर, गिअर, मडगार्ड सगळं जागेवर. जातो तो बाजूच्या रबराचा जवळपास एक सेंटिमीटर. हा सेंटिमीटर शोभेचा नव्हता. खड्ड्याचा दणका रिमपर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम. टायरच्या बाजूला आलेले फुगे आणि वाकलेले अलॉय हे त्या दशकातल्या दुकानांचं नेहमीचं दृश्य झालं. काही अलॉय इतके बाहेर यायचे की बेअरिंगवर नको तिथून भार पडायचा. रुंद टायरची पकड कोरड्या काँक्रीटवर चांगली, हे खरं. पण पावसाळ्यात कोकणात उतरणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं होतं की साचलेलं पाणी अरुंद टायर जितक्या सहज कापतो तितकं रुंद टायरला जमत नाही, आणि नक्षी झिजली असेल तर रुंद टायर आधी तरंगू लागतो.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते नॅनोचं. पुण्यात घडलेली ही गाडी २००९ मध्ये विक्रीला आली तेव्हा तिच्या पुढच्या चाकांना १३५/७० आर१२ आणि मागच्यांना १५५/६५ आर१२ टायर होते. स्वस्तातल्या स्वस्त गाडीला दोन मापांचे टायर कशाला, असा प्रश्न लोकांना पडला. पैसे वाचवले असतील, असं उत्तरही लोकांनीच देऊन टाकलं. खरं कारण इंजिनाच्या जागेत होतं. इंजिन मागे, त्यामुळे वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर. अशा गाडीत वळणावर मागची बाजू आधी सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि साध्या चालवणाऱ्याला ती आवरत नाही. म्हणून पकड मागे जास्त, पुढे कमी. गाडी घसरलीच तर पुढून घसरावी. तसं झालं की माणूस आपसूक पाय काढतो आणि गाडी सावरते. तरीही कितीतरी मालकांनी पुढेही रुंद टायर टाकले. गाडी ‘सारखी’ दिसू लागली, स्टिअरिंग जड झालं आणि अभियंत्यांनी मुद्दाम ठेवलेला तोल बिघडला. आता गाडी बंद पडून वर्षं झाली. १३५ चा टायर शोधणं हाच व्याप झाल्यावर नाइलाजाने माप बदलणाऱ्याला मी दोष देणार नाही. नव्या गाडीवर हौसेने बदलणाऱ्यांविषयी मात्र इतका उदार होता येत नाही.

दरम्यान कंपन्यांनी ही हौस ओळखली आणि ती स्वतःच विकायला काढली. २०१८ ची स्विफ्ट पाहा. खालच्या प्रकारांना १६५/८० आर१४, वरच्याला अलॉयसह १८५/६५ आर१५. दुकानात दोन्ही शेजारी उभ्या असल्या तर भारी-हलकी लगेच कळते. व्यास मोजला तर एकाचा ६२०, दुसऱ्याचा ६२१ मिलिमीटरच्या आसपास. म्हणून वरच्या प्रकारात स्टेपनी चौदा इंची दिली तरी चालते. अशा गाडीचा मालक पुढे टायर बदलताना वरच्या प्रकाराचं माप निवडतो तेव्हा तो कंपनीने तपासलेल्या चौकटीतच असतो. दाराच्या खांबावरचा हवेच्या दाबाचा स्टिकर वाचला तरी ती चौकट कळते. त्याबाहेर गेलं तर प्रश्न कायद्याचाही आहे. कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे स्पष्ट केलं. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस टायर पाहतो तेव्हा त्याच्या हातात मुद्दा आयता मिळतो.

बारा इंची चाक हळूहळू जाईल असं वाटत होतं. मार्च २०२३ मध्ये अल्टो ८०० थांबली. पुढच्याच महिन्यात एमजीची विजेवर चालणारी कॉमेट आली, आणि तिच्या टायरवर होतं १४५/७० आर१२. अरुंद टायर लोळायला हलका, बॅटरीवर भार कमी. कॉमेटच्या मालकांनाही आता रुंद टायर हवेत, असं ऐकतो. पेट्रोलच्या गाडीत जाणारं ॲव्हरेज महिन्याच्या हिशेबात विरून जायचं, इथे तो तोटा रोज चार्जिंग करताना दिसेल.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र हे प्रकरण अजून नीट उजेडात आलेलं नाही. मोठ्या टायरवर आयुष्य काढलेल्या ८०० च्या मीटरवर एक लाख किलोमीटर दिसत असतील तर ती एक लाख साडेपाच हजारांपेक्षा जास्त धावलेली असते. त्यात कुणी मीटर मागे फिरवलेला नसतो, विकणारा खोटं बोलत नसतो, आणि घेणारा काटा निरखून पाहतो पण खाली वाकून टायरवरचा आकडा वाचत नाही.