समूहनिर्मित नाताळनाट्य आणि बालप्रेक्षकाचा सहभाग

ब्रिटनमधील नाट्यविद्यार्थ्यांना नाताळच्या सुमारास लहान मुलांसाठी नाटक उभे करण्याचे काम अनेकदा दिले जाते. तयार संहिता नसते. एखाद्या कथाबीजावरून, उत्स्फूर्त अभिनयाच्या आधारे, समूहच प्रसंग रचत जातो. अशा नाटकाची खरी कसोटी मुलांना प्रश्न विचारला जातो तेथे लागते.

२७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनमध्ये जे. एम. बॅरी यांच्या 'पीटर पॅन'चा पहिला प्रयोग झाला. मरणोन्मुख परीला वाचविण्यासाठी टाळ्या वाजवा, असे आवाहन त्यात प्रेक्षकांना केले जाते. प्रेक्षक गप्प राहिलेच तर वाद्यवृंदाने टाळ्या वाजवाव्यात, अशी तजवीज बॅरी यांनी करून ठेवली होती! म्हणजे सहभाग होता, पण उत्तर आधीच ठरलेले होते. १९५३ साली स्थापन झालेल्या 'थिएटर सेंटर'मधून ब्रायन वे यांनी शाळांत, मुलांना सभोवती बसवून, प्रयोग केले आणि सहभागाला कथानकातच स्थान दिले.

विद्यार्थ्यांची अडचण येथेच सुरू होते. 'ही भेट कोणाला द्यावी?' या प्रश्नाला पाच वर्षांचे मूल अनपेक्षित उत्तर देते आणि तालमीत बसविलेला पुढचा प्रसंग अडखळतो. उत्तर ऐकलेच नाही असे दाखविणाऱ्या नटाच्या पुढच्या प्रश्नाला मुले प्रतिसाद देत नाहीत. म्हणून पर्यायी वळणे तालमीतच सिद्ध ठेवावी लागतात. तालमीला मात्र बहुधा मुले नसतात. अशा नाटकाची लिखित संहिता पुढे हाती आली, तरी अभ्यासकाने ती एका विशिष्ट प्रयोगाची नोंद म्हणूनच वाचणे उचित ठरते.