एकच घटक बदलला, मग बिघडलं काय? एम-१६ रायफलची गोष्ट



रिसर्च प्रपोजलमध्ये आपण सगळेच एक वाक्य टाकतो: "इतर सर्व घटक स्थिर ठेवून एकच घटक बदलला जाईल." वाचायला छान वाटतं. पण बाकीचे घटक खरंच स्थिर राहिले, हे तुम्ही तपासणार कसं? हा प्रश्न किती महागात पडू शकतो, ते आज एका रायफलच्या उदाहरणातून बघू.

आधी यंत्र समजून घ्या. गोळी सुटते तेव्हा नळीत प्रचंड दाबाचा गॅस तयार होतो. नळीला पुढच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, त्याला गॅस पोर्ट म्हणतात. त्यातून थोडा गॅस मागे येतो आणि बोल्ट कॅरियरला ढकलतो. बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, मागची स्प्रिंग दाबली जाते आणि परत येताना नवीन काडतूस चेंबरमध्ये बसतं. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत होतं.

आता खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचं बघा. एम-१६ ची गोळी साधारण ३.५६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ९९० मीटरच्या आसपास. गुणाकार केला तर संवेग येतो सुमारे ३.५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. त्यात बाहेर पडणाऱ्या गॅसचा वाटा मिळवा. एवढा संवेग रायफलला मागच्या दिशेने मिळणारच, त्यातून सुटका नाही. स्प्रिंग आणि बफर तो कमी करत नाहीत, फक्त वेळेत पसरवतात. गॅस जास्त आला तर कॅरियर जोरात मागे जाऊन आपटतो आणि तोच धक्का जास्त टोचतो. म्हणजे गॅस, वजन आणि स्प्रिंग हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत.

१९६४ च्या सुमारास अमेरिकी लष्कराने या काडतुसातली दारू बदलली. कारण अगदी रास्त होतं. आधीच्या दारूने, दाबाची मर्यादा न ओलांडता ठरलेला वेग गाठणं मोठ्या उत्पादनात अवघड जात होतं. नवीन, बारीक गोळ्यांसारख्या दाण्यांच्या दारूने ते जमलं. चेंबरमधला दाब ठीक, वेग ठीक. मोजायच्या दोन्ही गोष्टी पास!

पण गॅस पोर्टपाशी दाब किती आहे? तो वाढला होता. परिणामी यंत्र जास्त वेगाने चालू लागलं. बोल्ट लवकर आणि जोरात उघडायला लागला, तेव्हा पुंगळी अजून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून असायची. मग पुंगळी आतच अडकायची. त्या दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे गॅसच्या मार्गात काजळीही साचत होती. भरीला व्हिएतनामची दमट हवा, गंजणारे चेंबर आणि साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा. अडकलेली पुंगळी साफसफाईच्या सळईने ठोकून काढायची वेळ सैनिकांवर ऐन लढाईत येत होती. यात माणसं गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी केली, तेव्हा समोर आलं की कारखान्यातल्या स्वीकृती चाचण्यांमध्ये जुनी दारू वापरायला परवानगी होती. रायफली चाचणीत पास होत होत्या एका दारूवर आणि रणांगणात चालत होत्या दुसऱ्याच दारूवर! आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट सेट आणि प्रत्यक्ष वापर यांचा मेळच नव्हता.

पुढे जड बफर आला, त्याने यंत्राचा वेग आटोक्यात आणला. चेंबरला क्रोमचा मुलामा दिला, दारूत सुधारणा केली, साफसफाईचं प्रशिक्षण दिलं. बिघाड कमी झाले. पण कोणत्या उपायाचा वाटा किती? एवढे बदल जवळपास एकाच काळात झाले की नुसत्या निकालावरून ते वेगळं करणं कठीण. जीव वाचवायचे होते, त्यामुळे तेव्हा तेच योग्य होतं. प्रयोगशाळेत मात्र आपल्याला सहसा अशी घाई नसते.

मग तुमच्या कामासाठी यातून काय घ्यायचं?

१. एखादा घटक बदलण्याआधी, त्याचा परिणाम कुठल्या कुठल्या जागी पोहोचू शकतो याचा साधा नकाशा काढा. "आउटपुट तेवढंच आलं" म्हणजे मधलं सगळं तसंच राहिलं, असं होत नाही.

२. मधली किमान एक राशी मोजा. रायफलमध्ये ती पोर्टवरचा दाब होती. तुमच्या प्रयोगात कदाचित तापमान असेल, पीएच असेल किंवा सर्व्हेतला नवीन मुलाखतकार असेल.

३. चाचणीचं साहित्य आणि प्रत्यक्ष वापरायचं साहित्य एकच आहे ना, हे लिहून ठेवा. बॅच नंबरसकट.

आज तुमचं प्रपोजल उघडा आणि ते "इतर सर्व घटक स्थिर" वालं वाक्य शोधा. त्याच्यासमोर लिहा: हे मी कशावरून म्हणतोय किंवा म्हणतेय? उत्तर एका ओळीत आलं तर उत्तम. नाही आलं, तर गाईडने विचारण्याआधीच तुम्हाला पुढच्या आठवड्याचं काम मिळालं!